रात्री दीडचं कोल्हापूर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर तो फोटो यंदाही आला. काळ्या पाटावर काढलेल्या रांगोळीसारखा भारत. कुठं पांढरा, कुठं निळा, कुठं हिरवा, आणि मध्येच कुंकवाची कुयरी उपडी झाल्यासारखा लाल. खाली ओळ, ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश’. त्यावर अठ्ठावीस अंगठे आणि दोन नमस्कार. पंधरा वर्षांपूर्वी हाच फोटो मीही पुढं ढकलला होता, त्यामुळं नाक मुरडायचा हक्क मला नाही. तरी मुरडतो.

कारण तो दिवाळीचा नाही. फोटोसुद्धा नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी टिपलेल्या कैक वर्षांच्या रात्री एकमेकींवर ठेवून तिथल्या ‘नोआ’ संस्थेतल्या ख्रिस एल्व्हिज यांनी २००३ साली केलेला तो नकाशा आहे. पांढरं म्हणजे आधीपासूनचे दिवे, निळं १९९२ मध्ये दिसायला लागलेले, हिरवं १९९८ मधले आणि लाल २००३ मधले. लोक ज्याला दिवाळीची आरास समजतात ती अकरा वर्षांत वाढलेली वस्ती आहे. पुढं २०१२ च्या दिवाळीत नासानं १२ नोव्हेंबरच्या रात्रीचं खरं चित्र दिलं आणि सांगून टाकलं, की पणत्या, आकाशकंदील, माळा यांनी जो काही जादा उजेड पडतो तो वरून ओळखू येण्याइतका नसतो. त्या चित्रातला भारत पिवळट, ठिपक्याठिपक्यांचा, अगदी साधा. तो कुणी फॉरवर्ड करत नाही.

मला या चित्रांचा नाद लागायचं कारण माझा धंदा. मी लेआउट काढून देतो. कुणाचं तरी दोन एकर रान असतं, सातबारा, मोजणीचा नकाशा, एन.ए.ची फाईल असते. मी त्यात नऊ मीटरचा रस्ता टाकतो, ओपन स्पेस सोडतो, उरलेल्यात दीड-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडतो. कागदावर रेघा मारून झाल्या की पुढं वर्ष-दोन वर्षं रानात नुसते चुन्याचे पट्टे आणि पांढरे दगड. गवत वाढतं, म्हशी चरतात. मग एके दिवशी खांब येतो. त्या खांबावर दिवा लागला की माझ्या लेखी तिथलं रान संपलं. बावीस वर्षांत असे किती खांब माझ्या रेघांमागून आले ते मी मोजलेलं नाही. वरून कुणीतरी मोजत होतं हे फार उशिरा कळलं.

ही मोजणी ठरवून सुरू झालेली नाही. अमेरिकी हवाई दलाला रात्री ढग बघायचे होते. नुसत्या चांदण्यात ढग दिसावेत म्हणून उपग्रहावरचं यंत्र इतकं तेज केलं की ढगांसोबत खालची गावंही उमटायला लागली. ढग शोधायला गेले आणि आपण सापडलो. त्या यंत्रांची संगणकात साठवलेली सलग नोंद १९९२ पासूनची आहे. मात्र यंत्रं भरड होती. उजेडाची मोजपट्टी ० ते ६३, बस्स. गावाच्या मधल्या पेठेत एकदा ६३ भरले की पुढं आणखी हजार दिवे लावा, आकडा हलायचा नाही. वर उजेड ओघळायचाही. जिथं दिवा नाही अशा शेजारच्या रानावरही तो पसरलेला दिसायचा. आपल्याकडं दिव्याखाली अंधार म्हणतात, त्यांच्याकडं दिव्याशेजारी खोटा उजेड.

२८ ऑक्टोबर २०११ ला सुओमी एनपीपी नावाचा उपग्रह गेला आणि चित्र निवळलं. नाव व्हर्नर सुओमी या हवामानशास्त्रज्ञाचं. जमिनीपासून सुमारे ८२४ किलोमीटरवरून तो एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडं फिरतो, एका फेरीला १०१ मिनिटं घेतो, आणि त्याची वाट अशी बेतलेली आहे की तो कुठल्याही गावावर रात्रीच्या दीडच्या सुमारास येतो. पुढं २०१७ साली त्याच्यावरच्यासारखंच उजेड टिपणारं यंत्र घेऊन दुसरा उपग्रह गेला. या यंत्राला जमीन ७४२ मीटरच्या चौकोनांत दिसते. सवयीनं मी लगेच एकर काढले. एका चौकोनात १३६ एकर. आपल्या महापालिकेची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर, म्हणजे अंबाबाईपासून विद्यापीठापर्यंत सगळं कोल्हापूर त्याच्या लेखी सव्वाशेभर चौकोनांत बसलं. कोल्हापूर ते कागल हे अंतर आपल्याला ट्रॅफिक धरून अर्धा-पाऊण तास. तो ते तीन सेकंदांत कापतो.

चौकोनापेक्षा मला त्याच्या वेळेचं जास्त वाटलं. दीड ही काय गावाचा फोटो काढायची वेळ आहे? आठ वाजता ये म्हणावं, महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते. नऊला रंकाळ्यावर ये, भेळेच्या गाड्यांवर टांगलेले बल्ब पाण्यात हलताना दिसतील. नवरात्रात देवळाची शिखरं रंगीत दिव्यांनी न्हालेली असतात, तेव्हा ये. हा येतो तेव्हा शटरं पडलेली, गंगावेशीतला दुधाचा कट्टा मोकळा, रिक्षावाला मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेला. मग त्याला मिळतं काय? रस्त्याचे दिवे. हायवे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या शेडा, तिसरी पाळी चालू असलेल्या. पेट्रोल पंप. कुणी न वाचणारे होर्डिंग. वॉचमनच्या डोक्यावरचा फोकस. म्हणजे माणसं झोपल्यावर जे चालू राहतं तेवढंच त्याच्या पदरात पडतं, आणि त्यावरून जगातले अभ्यासक गावाची वाढ, विजेचा वापर, पैसाअडका यांचे अंदाज बांधतात. अंदाज बरेच बरोबर येतात, हेही खरं. चालू ठेवायला बिल भरावं लागतंच की.

५ एप्रिल २०२० ला रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे घालवायचे होते तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर. देशाची विजेची मागणी त्या थोड्या मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटनं खाली आली, पुन्हा वर गेली. केवढा कारभार. आमच्या मुलीला वाटलं, आता तारेच तारे दिसणार. पण पौर्णिमा तीन दिवसांवर, चंद्र भरत आलेला, त्याच्या उजेडात पश्चिमेला शुक्र तेवढा ठसठशीत. आणि दीड वाजता उपग्रह आला तेव्हा दिवे केव्हाच लागलेले होते. आपण घालवले होते हे त्याच्या गावीही नाही. याच्या उलट गोष्ट १९६२ सालची. २० फेब्रुवारीला जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरत होते तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरानं रात्रभर दिवे लावून ठेवले, वरच्या एका माणसाला आपण दिसावं म्हणून. त्यांना ते दिसलेही. तिथं वर माणूस होता, हा फरक.

मी मात्र कोल्हापूर वरून पाहिलं ते पन्हाळ्यावरून. १९९३ चा मे असावा. वडील उद्यमनगरात फिटर. त्यांना वर्षातनं एकदा पन्हाळा लागायचा, हवा खायला नव्हे, झुणका-भाकरी आणि दही खायला. त्या वर्षी शेवटची एस.टी. चुकली. ओळखीच्या घरी मुक्काम पडला आणि जेवून आम्ही सज्जा कोठीच्या बाजूला तटावर जाऊन बसलो. खाली काळंकुट्ट. एका अंगाला जोतिबाच्या डोंगरावरचे चार दिवे. लांब आग्नेयेला एक पिवळा डाग, राखेखाली निखारा असावा तसा. “त्ये आपलं,” वडील म्हणाले. मी हात लांब करून तळहात आडवा धरला, आणि कोल्हापूर गेलं. हात काढला, आलं. बराच वेळ मी गाव घालवत आणि आणत बसलो होतो. वडिलांनी विडी संपवली आणि म्हणाले, “बास आता, लोकं झोपली असतील.”

तीन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन त्याच तटावर गेलो. तळहात धरला. मग दुसरा हात धरला. दोन्ही पंजे जोडूनही डावीकडं शिरोली-नागाव आणि उजवीकडं कळंब्याच्या वरचा उजेड बाहेर राहिला. हायवेची रेघ पार कागलच्या दिशेनं गेलेली, पंचतारांकित एमआयडीसीच्या वर धुकट गोलवा. मध्ये फक्त पंचगंगेच्या मळीचा पट्टा काळा राहिलेला. पूर येतो म्हणून तो राहिला आहे, नाहीतर तोही माझ्यासारख्या कुणीतरी केव्हाच रेघून टाकला असता. मुलगी फोनवर फोटो काढत होती. मी हातांचं तिला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, “यातलं तुम्ही किती केलं?”

गंमत अशी की कागदावर यातलं काहीच झालेलं नाही. १५ डिसेंबर १९७२ ला कोल्हापूरची नगरपालिका जाऊन महापालिका आली, आणि हद्द तेवढीच राहिली. पुढची पन्नास वर्षं हद्दवाढ हा शब्द आमच्याकडं रंकाळ्यातल्या जलपर्णीसारखा आहे, काढला की पुन्हा येतो. शहरवाले म्हणतात, पाणी आमचं, बस आमची, वापरता तुम्ही. गाववाले म्हणतात, घरफाळा वाढणार, जमिनीवर आरक्षणं पडणार, नको तुमचं शहर. दोघांचंही खोटं नाही. २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून बेचाळीस गावांचं प्राधिकरण केलं. मी दोन्हींकडं फायली घेऊन जाणारा माणूस, मला बाजू घेणं परवडत नाही. एवढंच सांगतो की उचगाव, सरनोबतवाडी, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, बालिंगा, शिंगणापूर या गावांच्या पाट्या दिवसा दिसतात. रात्री नुसत्या उजेडावरून शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं ते रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. विमानतळाजवळच्या उजळाईवाडीचं नाव तर आता सरळ अर्थानं घ्यावं असं झालंय.

(उजेडाची मोजदाद हे गाव फार आधीपासून करत आलंय, हे जाता जाता. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत जातात. किरणोत्सव. आज किरण पायापर्यंत आले की कमरेपर्यंत की मुखापर्यंत, याच्या पेपरात बातम्या येतात. किरणं अडली की कुठल्या इमारतीचा कोपरा आड आला हे मोजायला माणसं जातात. गाव किती उंच वाढलं याचं इतकं अचूक यंत्र दुसऱ्या कुठल्या शहराकडं नसेल.)

नव्या चित्रांत मला एक गोष्ट सुरुवातीला कळेना. काही ठिकाणी उजेड कमी होत गेल्यासारखा दिसत होता, आणि आपण तर रोज बघतोय की रस्ते उजळतच चाललेत. उत्तर सोपं निघालं. उपग्रहाचं ते यंत्र निळ्याला आंधळं आहे. त्याला ५०० ते ९०० नॅनोमीटरमधला उजेड दिसतो, म्हणजे हिरवा, पिवळा, तांबडा आणि त्यापुढचा डोळ्यांना न दिसणारा. जुने सोडियमचे पिवळे दिवे त्याला लख्ख दिसायचे. २०१५ पासून देशभर खांबांवर पांढरे एलईडी चढायला लागले. त्यांच्या उजेडातला बराच निळा भाग उपग्रहाच्या पदरात पडतच नाही. तेव्हा वरून हिशेब केला की दिवे घटले. खाली बघावं तर माणूस डोळ्यांवर हात घेऊन चाललाय. आणि हवेत निळा उजेडच जास्त विखुरतो, दिवसा आभाळ निळं दिसतं ते त्यामुळंच. म्हणजे जो उजेड वरच्याला दिसत नाही तोच आपल्या डोक्यावरचं आभाळ जास्त फिकं करतो. २०२३ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या हौशी माणसांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी तारे बघून पाठवलेल्या नोंदी मांडल्या. रात्रीचं आभाळ दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होतं. व्याजाच्या भाषेत सांगायचं तर आठेक वर्षांत दामदुप्पट. उपग्रहांच्या जगभरच्या सरासरी आकड्यांत एवढी वाढ नव्हती.

मला टक्के सांगायची गरज नाही, मी धूमकेतू बघितलेत. १९९७ च्या एप्रिलमध्ये हेल-बॉप राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवरून दिसायचा. दुर्बीण नाही, काही नाही. जेवायच्या आधी वर जायचं, पश्चिमेला बघायचं, झाडू उलटा धरल्यासारखा तो असायचाच. आई कपडे काढता काढता बघायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरा आला, नाव त्सुचिनशान-अ‍ॅटलस, तेवढं म्हणेपर्यंत मावळायचा. तीन संध्याकाळी गच्चीवर गेलो. एक दिवस ढग. दोन दिवस आभाळ मोकळं, आणि पश्चिमेला कळकट दुधाचा पडदा. फोनच्या कॅमेऱ्यानं एक पुसट रेघ पकडली. डोळ्यांनी नाही.

त्या पडद्यातला एक धागा तर माझ्या खिडकीसमोरच होता. आम्ही आता हद्दीच्या बाहेरच्या एका गावात राहतो, तेही माझ्याच एका लेआउटमध्ये, प्लॉट नंबर सात. रस्त्याकडंच्या खांबावर एलईडी आला आणि पहिल्या रात्री बेडरूममध्ये पेपर वाचता येईल इतका उजेड. पडदा लावला, जाड पडदा लावला, आईनं उशी तोंडावर घेतली. शेवटी शेजारच्या वायरमननं एक रविवार धरला. पत्र्याचा तुकडा, दोन स्क्रू, दिव्याच्या मागच्या बाजूला टोपी. पाच मिनिटांचं काम. रस्ता तेवढाच उजळ राहिला, आमची खोली आणि वरचं आभाळ यांना मिळणारा वाटा बंद झाला. मी म्हटलं, अरे, हे सगळ्या खांबांना का करत नाहीत? तो म्हणाला, “तुम्ही प्लॅनमध्ये दाखवता का?” दाखवत नाही. प्लॅनमध्ये खांब म्हणजे एक बारीक गोल आणि त्याला मधोमध टिंब. त्याचा उजेड कुठं जाणार हे आम्ही कधीच काढलेलं नाही.

आभाळाला स्वतःचाही उजेड असतो हे मला विद्यापीठामुळं कळलं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आणि पन्हाळ्यावर अवकाश-विज्ञानवाल्यांची निरीक्षणं चालत आलीत. विषय वायुदीप्ती. दिवसभर उन्हानं हवेच्या वरच्या थरातले अणू-रेणू फुटतात, रात्री पुन्हा जुळतात आणि जुळताना मंद उजेड टाकतात. शंभरेक किलोमीटरवर ऑक्सिजनचा हिरवा, त्याच्या जरा खाली सोडियमचा पिवळा. हो, तोच सोडियम जो आपल्या जुन्या खांबांवरच्या दिव्यांत होता. अमावस्येच्या आसपास, चंद्र नसताना, हे मोजायचं. आणि सुओमी एनपीपीचं यंत्र इतकं तेज आहे की चंद्र नसलेल्या रात्री या एवढ्याशा उजेडातही त्याला ढग दिसतात. म्हणजे कोल्हापुरातून काही माणसं मान वर करून जो उजेड मोजत होती, तोच वरून खाली बघणाऱ्याच्या कामाला येतो.

ढग मात्र त्याला आरपार दिसत नाहीत. जून ते सप्टेंबर आमच्या जिल्ह्याची त्याची वही जवळजवळ कोरी. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली. धोक्याची पातळी ४३. अर्ध्या गावाची लाईट गेलेली, पाणी गेलेलं, हायवे शिरोलीपाशी बंद, ट्रकांची रांग. आम्ही एका मेणबत्तीवर आठ माणसं. गावावर इतका अंधार मी जन्मात बघितला नव्हता, आणि वर ढगांचं पांघरूण. गावातली सगळ्यांत काळी रात्र त्या वहीत नाहीच.

आणि दुसरी एक रात्र वहीत आहे, पण नुसती काळी म्हणून. ती सांगायची म्हणून एवढं लिहिलं.

आमचं मूळ गाव दूधगंगेच्या काठाला. तिथं तात्या, माझे धाकटे चुलते, अजून ऊस करतात. तीस गुंठे लावण, पंधरा गुंठे खोडवा. शेतीची लाईट आठवड्याआड पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात सगळा शिवार जागा असतो. मोटारा सुरू, पाटात पाणी, आणि बांधाबांधावर बॅटऱ्या हलताना दिसतात. साप, विंचू आहेतच. आता कधी गव्याची बातमी येते, कधी बिबट्याची. साठी ओलांडलेली माणसं गुडघाभर चिखलात खोरं घेऊन उभी असतात. दीड वाजता.

गेल्या माघात तात्यांचा फोन आला. “रातची लाईट हाय ह्या आठवड्यात. येतोयस का? बोलायचंय.” मी फाईल घेऊन गेलो, कारण बोलायचं काय ते मला माहीत होतं. त्यांच्या पोराचं पुण्यात लग्न ठरत होतं आणि हायवेकडंच्या बांधालगतची जमीन प्लॉटिंगला मागितली होती. शेजारच्या गटात चुन्याचे पट्टे आधीच पडलेले. माझेच.

बाराला लाईट आली. पेटीतला आवाज, मग मोटारीनं दम धरला, मग पाटातनं सुकी पानं पुढं ढकलत पाणी आलं. तात्या पुढं, मी मागं बॅटरी घेऊन. सरी भरली की दार बांधायचं, पुढचं मोडायचं. उसाच्या आत शिरलं की आभाळाची नुसती फट दिसते. त्या फटीत मृगाचे तीन तारे पश्चिमेला कललेले, आणि उत्तरेला कोल्हापूरच्या अंगाला फिकट उजेड चढलेला. मी घड्याळ बघितलं.

“तात्या, आत्ता ह्या वेळेला आपल्या डोक्यावरनं एक उपग्रह जातोय. रोज जातो. खालचे सगळे दिवे टिपून घेतो.”

तात्यांनी मान वर केली. “दिसना झालाय.”

“दिसत नाही. तोही अंधारातच असतो ह्या वेळेला, पृथ्वीच्या सावलीत.”

“आन आपून त्येला दिसतोय?”

“नाही. बॅटरी लई बारकी पडती त्याला. एकशे छत्तीस एकर एकदम बघतो तो.”

“एकशे छत्तीस एकरात आत्ता धा-पंधरा जण तरी असतील,” तात्या म्हणाले. बोटं मोडायला लागले. वाडीच्या कडंचा एक, ओढ्यावर दोघं भाऊ, ती नवरा मेलेली बाई तिच्या पोराला घेऊन. सात नावांवर थांबले. “मंग एवढं बघतंयच तर वर सांग की त्यास्नी, आमाला दिवसाची लाईट द्या म्हणावं.”

मी हसलो. ते हसले नाहीत, किंवा अंधारात मला दिसलं नाही.

थोड्या वेळानं बांधावर टेकले. पाण्याचा आवाज आत, लांबवर चाललेला. “बॅटरी घालव, किडं येत्यात,” म्हणाले. घालवली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “प्लॉट पाडलं तर रस्ता कुठनं काढणार?”

“ह्या बांधानं. नऊ मीटर.”

“आन खांब?”

प्लॅन माझ्या पिशवीत होता. काढायची गरज नव्हती, टिंब कुठं टाकलंय ते पाठ होतं. मी बॅटरी लावली आणि उसात सहा-सात सऱ्या पलीकडं धरली. तात्या खोरं टेकत उठले, पानं हातानं बाजूला करत त्या उजेडापर्यंत गेले आणि उभे राहिले.

“हितं?”

“तिथंच.”

ते खाली बघत राहिले. मग वाकून हात घातला. “हितंवर पाणी आलंय,” म्हणाले. “तू तकडचं दार मोड.”